पहिल्या घराची पहिली रक्कम

म्हाडाच्या मुंबई मंडळाने ८ ऑक्टोबर २०२४ रोजी २,०३० घरांची सोडत काढली, तेव्हा अर्ज आले होते एक लाख तेरा हजारांच्या पुढे. एका घरामागे पन्नासहून अधिक अर्ज. आदल्या वर्षी, १४ ऑगस्ट २०२३च्या सोडतीत ४,०८२ घरे होती आणि अर्ज सुमारे एक लाख वीस हजार. अशा आकड्यांमुळे सरकारी मदतीचे घर म्हणजे नशिबाचा भाग, ही समजूत घरोघरी पक्की झाली आहे. नाव लागले तर लागले, नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज.

पण नाव लागल्यावर काय होते, याची चर्चा फारशी होत नाही. पहिल्यांदा घर घेणाऱ्या कुटुंबाची खरी ओढाताण तिथून सुरू होते. सोडतीच्या वाटेला न जाता बिल्डरकडून घर घेऊन केंद्राचे व्याज अनुदान मिळवू पाहणारे कुटुंबही त्याच ठिकाणी अडते. ते ठिकाण म्हणजे सुरुवातीला लागणारी स्वतःच्या खिशातली रक्कम. महिन्याचा हप्ता भरण्याची ऐपत असते, नोकरी बरी असते, भाडे दर महिन्याला न चुकता जात असते. पण एकरकमी चार-पाच लाख रुपये बाजूला काढलेले नसतात. आपल्याकडच्या बहुतेक योजना घराची किंमत कमी करतात किंवा कर्जाचे व्याज हलके करतात. या पहिल्या रकमेला मात्र त्या थेट हात लावत नाहीत. मला हीच या धोरणातली सर्वांत मोठी फट वाटते.

किंमत आणि व्याज या दोन वाटा मुंबईत जवळपास एकाच वेळी रुंदावल्या. १७ ऑक्टोबर १९७७ रोजी हसमुखभाई पारेख यांच्या पुढाकाराने गृहकर्ज देणाऱ्या एचडीएफसीची नोंदणी झाली आणि ५ डिसेंबर १९७७ रोजी म्हाडा अस्तित्वात आली. त्याआधी घरबांधणीचे काम १९४८पासूनचे गृहनिर्माण मंडळ करत होते. विक्रोळीच्या टागोरनगर, कन्नमवारनगरसारख्या वसाहती त्या परंपरेतल्या. पगारदार माणसाला घरासाठी सहज कर्ज मिळण्याची सोय मात्र जवळजवळ नव्हती. आयुष्यभर भाड्याच्या खोलीत काढायचे आणि निवृत्त झाल्यावर फंड-ग्रॅच्युइटीच्या पैशांत घर बांधायचे, हा मध्यमवर्गाचा रिवाज होता. एचडीएफसीने पहिले कर्ज १९७८ साली दिले, मालाडच्या एका घरासाठी, तीस हजार रुपयांचे. आज सरकार ज्या दोन मार्गांनी मदत करते, स्वस्तात घर देणे आणि घेतलेल्या कर्जावर सवलत देणे, त्यांची मुळे या दोन संस्थांच्या कामात दिसतात.

आधी म्हाडाची वाट पाहू. म्हाडाच्या घरांसाठी उत्पन्नाचे गट ठरलेले असतात. मुंबई महानगर, पुणे आणि नागपूर यांसारख्या मोठ्या शहरी क्षेत्रांत, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न सहा लाखांपर्यंत असेल तर अत्यल्प गट, नऊ लाखांपर्यंत अल्प, बारा लाखांपर्यंत मध्यम आणि त्यापुढे उच्च गट. राज्याच्या उरलेल्या भागात अत्यल्प गटाची मर्यादा साडेचार लाख आणि अल्प गटाची साडेसात लाख. कुटुंबाचे उत्पन्न म्हणजे पती-पत्नी दोघांचे मिळून. एकाचाच पगार दाखवून खालच्या गटात बसण्याचा प्रयत्न करू नये, आयकर विवरणपत्रांवरून तो उघडा पडतो. मुंबई मंडळाच्या अलीकडच्या सोडतींमध्ये अत्यल्प गटाला अनामत रक्कम २५ हजार आणि अल्प गटाला ५० हजार होती. नाव लागले नाही तर ती बँक खात्यात परत येते. अर्जाचे शुल्क तेवढे जाते.

२०२३पासून अर्जाची सगळी प्रक्रिया ऑनलाइन झाली आणि कागदपत्रांची छाननी सोडतीनंतर न होता सोडतीच्या आधी होऊ लागली. हा बदल फार मोलाचा आहे. पूर्वी नाव लागलेला माणूस दाखल्यांसाठी महिनोन्‌महिने वांद्र्याच्या गृहनिर्माण भवनात खेटे घालायचा, आणि त्यातले काही शेवटी अपात्र ठरायचे. आता अपात्र अर्ज सोडतीत शिरतच नाही. त्यामुळे दलालांचा धंदाही बराच आटला, निदान आटायला हवा. "साहेबांच्या कोट्यातून घर काढून देतो" म्हणणारा माणूस आजही भेटतो. म्हाडा वारंवार सांगत आली आहे की आम्ही कोणताही दलाल नेमलेला नाही. ज्या सोडतीत संगणक यादी काढतो, तिथे कोणाचाही शब्द चालत नाही. अशा माणसाला दिलेला पैसा बुडाला असेच समजावे.

आता २०२३च्या सोडतीतले एक घर जवळून पाहू. गोरेगावच्या पहाडी भागात अत्यल्प गटासाठी १,९४७ घरे होती, सव्वातीनशे चौरस फुटांच्या आसपासची, किंमत प्रत्येकी ३० लाख ४४ हजार. गोरेगावसारख्या ठिकाणी बाजारात या पैशांत काहीच मिळत नाही, त्यामुळे ही घरे खरोखर स्वस्त होती. पण हिशेब मांडून पाहा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक जास्तीत जास्त घराच्या किमतीच्या ९० टक्के रक्कम देऊ शकते. म्हणजे कर्ज साधारण २७ लाख. वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी धरले तर हप्ता येतो २३ हजार ४०० रुपयांच्या घरात. अत्यल्प गटाची वरची मर्यादा आहे वर्षाला सहा लाख, म्हणजे महिन्याला पन्नास हजार. त्या गटातल्या सर्वांत वरच्या पायरीवरच्या कुटुंबालाही निम्म्याच्या जवळपास पगार हप्त्यात घालावा लागतो. महिना पंचवीस हजार मिळवणारे कुटुंब, ज्याच्यासाठी हा गट आहे असे आपण समजतो, त्याला बँक हे कर्ज देणारच नाही. आणि ज्याला देईल, त्यालाही सुमारे साडेतीन लाख रुपये स्वतःचे घालायचे आहेत. त्यात अनामतीचे २५ हजार आधीच गेलेले.

तेही सवडीने घालून चालत नाही. विजेत्याला आधी देकारपत्र मिळते. ते स्वीकारल्यावर किमतीचा पहिला चौथा हिस्सा साधारण दीड महिन्यात आणि उरलेली रक्कम पुढच्या दोन-तीन महिन्यांत भरायची असते. नेमक्या तारखा देकारपत्रातच छापलेल्या असतात आणि त्या चुकल्या तर घर प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाकडे जाते. ज्याच्या कर्जाचा विचार नाव लागल्यावर सुरू होतो, त्याला हे दिवस फार कमी पडतात. बँकेची पाहणी, पगाराच्या स्लिपा, सिबिल, हमीदार, म्हाडाकडून लागणारी ना-हरकत, या सगळ्याला वेळ जातो. म्हणून अर्ज करण्याआधीच बँकेत जाऊन आपल्याला कर्ज किती मिळेल हे विचारून ठेवणे, हे सोडतीच्या तयारीतले पहिले काम आहे.

वरच्या गटांत किमतींची गोष्ट वेगळीच आहे. २०२३च्या सोडतीत ताडदेवच्या एका उंच इमारतीतल्या घराची किंमत साडेसात कोटींहून अधिक होती. पुनर्विकासात खासगी विकासकांकडून म्हाडाला मिळालेली ही घरे; त्यांच्या किमती आसपासच्या दरांवर बेतलेल्या. २०२४च्या सोडतीत अशाच ३७० घरांच्या किमती १० ते २५ टक्क्यांनी कमी कराव्या लागल्या. सार्वजनिक संस्थेच्या सोडतीत कोटींची घरे असावीत का, हा प्रश्न रास्त आहे. माझे मत विचाराल तर ती घरे बाजारभावाने विकून तो पैसा अत्यल्प गटाच्या घरांमध्ये घालणे अधिक सरळ ठरेल.

आणि दुसऱ्या टोकाला विरार-बोळींज. म्हाडाच्याच कोकण मंडळाची तिथली हजारो घरे अनेक सोडतींनंतरही रिकामी राहिली. पाण्याची टंचाई, स्टेशनपासूनचे अंतर, आसपासच्या खासगी घरांच्या तोडीस तोड किंमत. शेवटी "प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य" या पद्धतीने ती विकायला काढावी लागली. अशा घरांना सोडत नसते. पात्र असाल, पैसे असतील तर घर घेता येते. ज्यांना ठिकाणाशी जुळवून घेता येते, त्यांनी या जाहिरातींकडेही लक्ष ठेवावे. मुंबईच्या सोडतीत एक लाख अर्ज आणि विरारला रिकामे मजले, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

म्हाडाच्याच सोडतीत आणखी एक प्रकारची घरे असतात, ज्यांची माहिती फार थोड्यांना असते. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महापालिकांत चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर खासगी प्रकल्प उभा राहत असेल, तर विकासकाला वीस टक्के हिस्सा अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटासाठी राखावा लागतो. ही घरे म्हाडाच्या सोडतीतून जातात, पण बांधणारा खासगी बिल्डर असतो. किंमत जमिनीच्या बाजारभावावर ठरत नाही, रेडी रेकनरमधल्या, म्हणजे सरकारी दरपत्रकातल्या, बांधकाम खर्चाच्या दरावर ठरते. त्यामुळे पुण्यात, ठाण्यात, नाशिकमध्ये शेजारच्या खासगी घरांच्या निम्म्या किमतीलाही अशी घरे मिळालेली आहेत. सगळ्या सरकारी मदतीत मला ही सर्वांत परिणामकारक वाटते, कारण इथे मदत कर्जावर न येता सरळ किमतीवर येते, आणि किंमत कमी झाली की लागणारी पहिली रक्कमही आपोआप कमी होते. यातली जोखीम एवढीच की प्रकल्प बांधकामात असतो. म्हणून महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून बांधकाम कुठवर आले आणि ताब्याची तारीख काय लिहिली आहे, ते पाहून घ्यावे.

आता व्याजाची वाट. पंतप्रधान आवास योजनेचा शहरी भाग २५ जून २०१५ रोजी सुरू झाला. त्यातले व्याज अनुदान मध्यमवर्गात चांगलेच गाजले. सहा लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना सहा लाखांच्या कर्जावर साडेसहा टक्के व्याज सरकार देणार, त्या वीस वर्षांच्या सवलतीचे आजचे मूल्य काढून एकदम कर्ज खात्यात जमा करणार. जास्तीत जास्त २ लाख ६७ हजार. देशभरात सुमारे पंचवीस लाख कुटुंबांना त्याचा लाभ झाला. मध्यम उत्पन्न गटासाठीची ही सवलत मार्च २०२१मध्ये आणि खालच्या गटांसाठीची मार्च २०२२मध्ये संपली. आजही काही बिल्डरांच्या विक्री कार्यालयांत "अडीच लाख सबसिडी" असे तोंडी सांगितले जाते, ती ही जुनी योजना. ती बंद झाली आहे.

सध्या चालू आहे ती दुसरी आवृत्ती. १ सप्टेंबर २०२४पासून ती लागू झाली. पाच वर्षांत एक कोटी शहरी कुटुंबांना मदत, असे तिचे उद्दिष्ट. तिच्या व्याज अनुदानात वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत चालते, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत. पहिल्या आठ लाखांच्या कर्जावर, बारा वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी, चार टक्के अनुदान. एकूण १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. म्हणजे वर्षाला ३६ हजार, कर्ज खात्यात.

रक्कम लहान वाटते, पण ती कशी वापरली यावर बरेच अवलंबून आहे. समजा, पुण्यात एका जोडप्याने २८ लाखांचे घर घेतले आणि २५ लाखांचे कर्ज काढले, वीस वर्षांसाठी, साडेआठ टक्क्यांनी. हप्ता सुमारे २१ हजार ७०० रुपये. दरवर्षी आलेले ३६ हजार मुद्दलात वळते झाले आणि जोडप्याने हप्ता कमी करून न घेता तेवढाच ठेवला, तर कर्ज साधारण अडीच वर्षे आधी फिटते. वाचलेल्या हप्त्यांची बेरीज साडेसहा लाखांच्या पुढे जाते. उलट हप्ता कमी करून घेतला तर महिन्याला थोडे पैसे हातात राहतात आणि एकूण फायदा आकसतो. ज्यांना महिना भागवणे कठीण आहे त्यांनी हप्ता कमी करून घेण्यात काही चूक नाही. पण निवड समजून करावी, बँकेने आपोआप केली म्हणून स्वीकारू नये.

इथे एक अट लक्षात ठेवायला हवी. अनुदानाचा हप्ता येतो तेव्हा कर्ज चालू असले पाहिजे आणि मुद्दलाचा निम्म्याहून अधिक भाग फेडायचा बाकी असला पाहिजे. गावाकडची जमीन विकून किंवा बोनस घालून पहिल्या दोन-तीन वर्षांत कर्जाचा मोठा भाग फेडून टाकला, तर पुढचे अनुदान थांबते. कर्ज लवकर फेडावे ही आपल्या घरांतली जुनी आणि चांगली शिकवण, पण या पाच वर्षांत ती थोडी जपून पाळावी.

३५ लाखांच्या मर्यादेचा परिणाम नकाशावर स्पष्ट दिसतो. मुंबई शहरात या किमतीत खासगी बाजारात राहण्याजोगे घर मिळत नाही म्हटले तरी चालेल. ही योजना खऱ्या अर्थाने चालते ती बदलापूर, अंबरनाथ, नालासोपारा, पुण्याच्या कडेची गावे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, सोलापूर इथे. मुंबईत काम करणाऱ्याला ती मिळते, पण दररोजच्या दोन-तीन तासांच्या लोकलप्रवासासह.

आणि आता त्याच पुण्यातल्या जोडप्याच्या पहिल्या रकमेकडे पाहा. घर २८ लाखांचे, कर्ज २५ लाख, म्हणजे तीन लाख स्वतःचे. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे १ लाख ९६ हजार. नोंदणी शुल्क एक टक्का, २८ हजार. घर बांधकामात असेल आणि परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसत असेल तर एक टक्का जीएसटी, आणखी २८ हजार. बेरीज साडेपाच लाखांच्या पुढे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च बँक कर्जाच्या हिशेबात धरत नाही, तो रोखच लागतो. शिवाय ३५ लाखांचे घर घेतले तर योजनेतल्या २५ लाखांच्या कर्जमर्यादेमुळे स्वतःचे दहा लाख लागतात, हे जाहिरातीत कुठेच लिहिलेले नसते. या टप्प्यावर लोक काय करतात? दागिने गहाण ठेवतात, पतपेढीतून चौदा-पंधरा टक्क्यांनी वैयक्तिक कर्ज काढतात, भिशी उचलतात, भावाकडून घेतात. मग सरकार एका हाताने चार टक्के व्याज देते आणि कुटुंब दुसऱ्या हाताने पंधरा टक्के व्याज भरते. सरकारच्या ३६ हजारांतला बराचसा भाग त्या महाग कर्जाच्या व्याजातच जिरून जातो.

थोडी बचत नियमांतूनही होते. महाराष्ट्रात घर फक्त स्त्रीच्या किंवा फक्त स्त्रियांच्या नावावर नोंदवले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. २८ लाखांवर ती २८ हजार. पतीचे नाव सोबत आले की ही सूट मिळत नाही. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घरावर जीएसटी लागत नाही. भविष्य निर्वाह निधीतूनही घरासाठी रक्कम काढता येते आणि ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी महागड्या कर्जाआधी त्याचा विचार करावा. आयकराची पूर्वीची आकर्षणे मात्र आता फारशी उरलेली नाहीत. पहिल्या घरासाठीची दीड लाखांची जादा वजावट ३१ मार्च २०२२पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच आहे, आणि नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जव्याजाची वजावटही नाही.

"पहिले घर" कोणाचे मानायचे, यावरही बरेच अर्ज अडतात. म्हाडा साधारणपणे पाहते ते अर्जदार, त्याची पत्नी किंवा पती आणि अज्ञान मुले यांच्या नावावर त्या शहराच्या किंवा मंडळाच्या हद्दीत घर आहे का. पंतप्रधान आवास योजनेची अट कडक आहे: पती, पत्नी आणि अविवाहित मुले यांपैकी कोणाच्याही नावावर देशात कुठेही पक्के घर नको, आणि गेल्या वीस वर्षांत कोणत्याही सरकारी गृहनिर्माण योजनेचा लाभ घेतलेला नको. आपल्याकडे अनेकांची पंचाईत इथे होते. वडील वारल्यावर गावच्या घरावर ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यात सगळ्या भावंडांची नावे वारस म्हणून चढतात. ते घर मुंबईत राहणाऱ्या मुलाने वर्षानुवर्षे पाहिलेले नसते, त्यात राहतो धाकटा भाऊ. पण कागदावर त्याचे नाव आहे. घर नसल्याच्या प्रतिज्ञापत्रावर सही करण्याआधी आपल्या नावावर गावी काय चढले आहे ते तलाठी आणि ग्रामपंचायतीकडून पाहून घ्यावे, आणि वारसाहक्काचा हिस्सा असेल तर तो दडवू नये. बँकेला किंवा मंडळाला लेखी विचारावे आणि उत्तर लेखीच घ्यावे. वडिलांच्या नावावर असलेले घर मात्र लग्न झालेल्या मुलाला आडवे येत नाही, कारण योजनेच्या व्याख्येत त्याचे कुटुंब वेगळे धरले जाते.

म्हाडाच्या अर्जाला लागणाऱ्या अधिवास दाखल्याचेही तसेच. महाराष्ट्रात अनेक वर्षे राहिल्याचा पुरावा त्यासाठी लागतो, आणि भाड्याच्या घरांतून सतत फिरणाऱ्यांकडे नेमका तोच विस्कळीत असतो. मुलांच्या शाळेचे दाखले, जुनी वीजबिले, नोंदणी केलेले भाडेकरार हे सगळे जपून ठेवण्याचा कंटाळा करू नये.

या सगळ्यात पहिल्या रकमेच्या प्रश्नाला थेट भिडलेला एक प्रयोग महाराष्ट्रात झाला आहे, आणि तो झाला सोलापुरात, देशातल्या सर्वांत कमी मिळकतीच्या कामगारांमध्ये. कॉम्रेड नरसय्या आडम मास्तर यांच्या नेतृत्वाखाली विडी कामगार स्त्रियांनी कुंभारी इथे गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी केली. २००६ साली तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिथली घरे देण्यात आली. त्याच परिसरात पुढे रे नगर आले: असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरे, पंतप्रधान आवास योजनेतून. ९ जानेवारी २०१९ रोजी नरेंद्र मोदी यांनी पायाभरणी केली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पहिल्या पंधरा हजार घरांचे वाटप त्यांच्याच हस्ते झाले. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर काम करणारे, कचरा वेचणाऱ्या, बांधकाम मजूर, अशी माणसे. केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख प्रत्येक घरामागे मिळाला, उरलेले सभासदांचे. यांच्यातल्या कोणाकडे पगाराची स्लिप असण्याचा प्रश्नच नव्हता. एकटीदुकटी विडी कामगार बँकेत गेली असती तर व्यवस्थापकाने तिला बसायलाही सांगितले नसते. संघटना आणि सहकारी संस्था मधे उभी राहिल्यामुळे जमीन स्वस्तात एकत्र घेता आली, सभासदांचा वाटा थोडा थोडा जमवता आला आणि सरकारी अनुदानाला जोड मिळाली. दोन वेगळ्या राजकीय विचारांची सरकारे आणि त्यांना विरोध करणारी कामगार संघटना यांच्या सह्यांनी ही घरे झाली, याचे मला आजही अप्रूप वाटते.

परदेशात हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवलेला दिसतो. सिंगापूरमध्ये सरकारी गृहनिर्माण मंडळ १९६०पासून घरे बांधते, पण लोकांनी ती खरोखर विकत घ्यायला सुरुवात केली ती १९६८नंतर, कामगारांना आपल्या सक्तीच्या भविष्य निर्वाह निधीतून पहिली रक्कम आणि हप्ते भरायची मुभा मिळाल्यावर. ब्रिटनमध्ये २०१३ ते २०२३ या काळात सरकारने नवे घर घेणाऱ्याला त्या घराच्या किमतीच्या वीस टक्क्यांपर्यंत, लंडनमध्ये चाळीस टक्क्यांपर्यंत, कर्ज दिले. घेणाऱ्याने फक्त पाच टक्के आणायचे. त्या योजनेमुळे बिल्डरांनी किमती वाढवल्या, ही टीका तिथे झाली आणि ती गंभीरपणे घ्यायला हवी. बाजारात घरे कमी आणि पैसा जास्त ओतला तर तो किमतींत जातो. म्हणून पहिल्या रकमेची मदत म्हाडा, सिडको आणि वीस टक्के योजनेतल्या घरांना जोडावी, जिथे किंमत आधीच जाहीर झालेली असते आणि बिल्डरला ती वाढवता येत नाही.

तसे करणे फार अवघडही नाही. म्हाडाकडे अनामत रक्कम घेण्याची आणि परत करण्याची यंत्रणा आहे. तिच्या जोडीला अत्यल्प गटासाठी तीन वर्षांची मासिक बचत ठेव सुरू करता येईल. महिन्याला तीन हजार भरणाऱ्या कुटुंबाचे तीन वर्षांत १ लाख ८ हजार होतात. राज्याने नाव लागल्यावर तेवढीच भर घातली तर २ लाख १६ हजार. गोरेगावच्या त्या घरासाठी खिशातून घालाव्या लागणाऱ्या साडेतीन लाखांतला मोठा भाग यातच उभा राहतो. शिवाय तीन वर्षे न चुकता पैसे भरल्याची नोंद बँकेपुढे ठेवता येते, आणि पगाराची स्लिप नसलेल्या रिक्षाचालकाकडे किंवा घरकाम करणाऱ्या बाईकडे कर्ज मागताना दाखवण्यासारखे काहीतरी असते.